गोंगाट सोसत नाही, म्हणून मत्स्यशास्त्र सोडायचं का?

प्रश्न: मुलगा बारावी सायन्सला आहे, एडीएचडीचं (लक्ष टिकवणं आणि चंचलपणा आवरणं अवघड जाण्याचं) निदान झालंय. मत्स्य महाविद्यालयात जायचं म्हणतो. परवा मामाबरोबर मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळीचा लिलाव बघायला गेला, तर कानांवर हात दाबून बाहेर आला आणि दिवसभर कुणाशी बोलला नाही. ‘हा कसला मासळीत काम करणार?’ असं घरचे म्हणतात. काय करावं? – एक आई, रत्नागिरी

ताई, तो नाटक करत नव्हता आणि नाजूकही नाही, हे आधी घरच्यांना ठणकावून सांगा. बोलीची ओरड, इंजिनांची घरघर, डिझेलचा वास, मागून लागणारे धक्के. यातलं बरंचसं आपला मेंदू आपसूक मागे सारतो. एडीएचडी असलेल्या अनेकांना ते जमत नाही. सगळं एकदम अंगावर येतं, डोकं सुन्न होतं, शब्द फुटत नाहीत.

त्याला बंदर सोसलं नाही, मासे नव्हेत. रत्नागिरीजवळच्या शिरगावचं मत्स्य महाविद्यालय १९८१ पासून चालू आहे. चार वर्षांच्या बी.एफ.एस्सी. या मत्स्यशास्त्राच्या पदवीत मत्स्यबीज, माशांचे रोग, पाणी तपासणी असं बरंच काही असतं. पाण्यातला ऑक्सिजन मोजताना ब्युरेटमधून, म्हणजे काचेच्या मापनळीतून, थेंब थेंब सोडत निळा रंग जाईपर्यंत नजर रोखायची असते. असल्या कामात ही मुलं कशी रमतात, ते मी पाहिलंय. कोळंबीच्या तलावावर मात्र पाण्यात हवा मिसळणारे एरेटर रात्रीही धडधडतात. जेटी आणि प्रक्रिया कारखानाही अभ्यासात टळणार नाहीत. म्हणून आत्ताच एकेक जागा दाखवा: झाडगावचं मत्स्यालय, एखादी प्रयोगशाळा, एखादा तलाव. बंदरावर जायचं तर लिलाव उरकल्यावर. इअरप्लग खिशात असू द्या आणि तो ‘चला’ म्हणाला की लगेच निघा. कुठे किती वेळ टिकला, ते त्यालाच एका वहीत लिहू द्या. पुढे नोकरी निवडताना ती वही मार्कशीटइतकीच कामी येईल. बायोलॉजी आणि सीईटी मात्र सोडू नका.

आणखी एक. आवाज-वासाचा इतका त्रास ऑटिझममध्येही होतो, आणि २०१३ पासून दोन्ही निदानं एकत्र करता येतात. मानसोपचारतज्ज्ञांना तसं स्पष्ट विचारा. शिकण्यातली अक्षमता आहे का, तेही तपासून घ्या. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आणि ही अक्षमता दोन्ही आहेत, एडीएचडी हा वेगळा प्रकार म्हणून नाही. त्यामुळे सवलतीचं प्रमाणपत्र मिळेल की नाही, ते या तपासणीवर ठरेल. या सगळ्याला वेळ लागतो, म्हणून परीक्षेच्या तोंडावर धावपळ नको, याच महिन्यात जाऊन या.