माँट्रियालचा हिवाळा आणि विजेचे बिल : नाशिकहून आलेल्या प्रश्नाला उत्तर

आपण येत्या जुलैत कुटुंबासह नाशिकहून माँट्रियालला येणार आहात आणि हिवाळ्यात येथे विजेचे बिल किती येते, ते आटोक्यात कसे ठेवावे, असे आपण विचारले आहे. मी या शहरात अकरा हिवाळे काढले, तेही सगळे भाड्याच्या घरात, आणि माझे मत असे झाले आहे की बिलाचा निम्मा निकाल घर निवडतानाच लागतो.

माँट्रियाल कॅनडाच्या ज्या क्यूबेक प्रांतात आहे, तेथील वीज मुख्यतः जलविद्युत आहे, हायड्रो-क्यूबेक ही सरकारी कंपनी ती पुरवते आणि तिचे घरगुती दर उत्तर अमेरिकेतील सर्वांत कमी दरांपैकी आहेत. त्यामुळे बहुतेक घरे विजेवरच तापवली जातात. प्रत्येक खोलीत भिंतीच्या तळाशी, बहुधा खिडकीखाली, लांबट बेसबोर्ड हीटर बसवलेला असतो. घराच्या जाहिरातीत ‘शोफे’ (फ्रेंचमध्ये ‘तापवलेले’) हा शब्द असेल तर घर तापवण्याचा खर्च भाड्यातच धरलेला असतो. नसेल तर तो आपल्या माथी येतो. भाडेकरारावर सही करण्यापूर्वी त्या पत्त्यावर वर्षाला विजेचा अंदाजे किती खर्च होतो, हे कंपनीच्या संकेतस्थळावर अवश्य पाहावे. वर-खाली आणि दोन्ही बाजूंना शेजारी असलेले मधले घर कोपऱ्यावरच्या किंवा सर्वांत वरच्या मजल्यावरच्या जुन्या घरापेक्षा पुष्कळ कमी वीज खाते, कारण त्याच्या फार थोड्या भिंती बाहेरच्या थंडीला भिडतात.

आता हिशेब पाहू. महावितरणच्या बिलाप्रमाणे येथेही टप्पे आहेत, पण दोनच, आणि मर्यादा दिवसाच्या सरासरीवर ठरते. 2025 च्या दरांनुसार दिवसाला सरासरी 40 युनिटपर्यंत प्रतियुनिट सुमारे 7 सेंट आणि त्यापुढे साडेदहा सेंटांहून थोडे अधिक पडतात. शिवाय रोजचा स्थिर आकार सुमारे 46 सेंट आणि एकूण रकमेवर जवळजवळ 15 टक्के कर असतो. बिल साधारण दोन महिन्यांनी येते. समजा, जानेवारी-फेब्रुवारीच्या 60 दिवसांत 4,000 युनिट जळले, तर पहिली 2,400 युनिट स्वस्त दराने, उरलेली 1,600 महाग दराने आणि करासह बिल सुमारे 420 डॉलर होते. त्याच घराचे उन्हाळ्यातील दोन महिन्यांचे बिल शंभर डॉलरच्या आसपास असू शकते. हा चढउतार नव्या संसाराला झेपत नाही, म्हणून कंपनीची समान हप्त्यांची योजना घ्यावी. तीत वर्षाचा अंदाजे खर्च बारा सारख्या हप्त्यांत विभागला जातो आणि वर्षाअखेर फरकाचा हिशेब होतो.

पहिल्या हिवाळ्यात मी भारतातील सवयीने दिवे विझवत फिरत असे आणि सगळ्या खोल्यांचे थर्मोस्टॅट मात्र 24 अंशांवर ठेवत असे. थंडीत बल्बची उष्णताही घरातच राहते आणि तेवढे काम हीटरला कमी पडते, हे मला पुढे कळले. स्वयंपाकघरातील धुराड्याचा पंखा मात्र फोडणीच्या वासाबरोबर तापलेली हवाही बाहेर फेकतो, म्हणून तो गरजेपुरताच चालवावा. दुकानातला महागडा ‘बचत करणारा’ हीटर घेऊ नये. एका युनिटातून तोही बेसबोर्डइतकीच उष्णता देतो. दिवसा बैठकीच्या खोलीत 20 ते 21 अंश, रात्री 17 ते 18 अंश आणि बंद खोलीत त्याहून थोडे कमी पुरते. कोणतीही खोली पूर्ण थंड मात्र करू नये, कारण तेथे दमट होऊन भिंतीला बुरशी धरते आणि बाहेरच्या भिंतीतील नळ गोठू शकतात. सोफा किंवा पडदा हीटरवर येऊ देऊ नये. खिडक्यांवर केस वाळवण्याच्या यंत्राने ताणून बसवायची पारदर्शक प्लास्टिकची फिल्म मिळते. थोड्या डॉलरांत वाऱ्याची तिरीप थांबवणारी याहून चांगली वस्तू मला सापडलेली नाही.

1 डिसेंबर ते 31 मार्च या काळात अतिथंडीच्या दिवशी सकाळी आणि संध्याकाळी काही तास मागणी शिगेला पोहोचते. त्या तासांत वापर कमी केल्यास सवलत देणारी ऐच्छिक योजना आहे. कमी न केल्यास दंड नाही, म्हणून पहिल्याच वर्षी घ्यायला ती सोयीची आहे. दुसऱ्या योजनेत एरवी दर कमी, पण त्याच तासांत भरमसाट असतो. घरात लहान मूल असल्यास ती मी घेणार नाही.

वीज गेली की ऊबही जाते. जानेवारी 1998 मध्ये गोठणाऱ्या पावसाने तारा व मनोरे कोसळले आणि काही घरे कित्येक आठवडे अंधारात राहिली. एप्रिल 2023 मध्ये अशाच पावसाने दहा लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली होती. अशा वेळी थर्मोस्टॅट कमी अंशांवर आणून ठेवावेत, कारण वीज परतताच सगळे हीटर एकदम चालू झाले की यंत्रणेवर ताण येतो. कोळशाची शेगडी किंवा सहलीचा गॅसस्टोव्ह घरात मुळीच पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. टॉर्च, चार्ज केलेली बॅटरी आणि गोधड्या हाताशी असाव्यात. नाशिकहून सामान भरताना दोन जाड गोधड्या तेवढ्या घ्या. स्वेटर येथेच चांगले मिळतात.