माळ्यावरच्या औषधाच्या बाटल्या धुवू नका

प्रश्न : आमचं घर सांगलीत गावभागात आहे, तळमजल्यावर पूर्वी सासऱ्यांच्या वडिलांचा दवाखाना होता. 2019च्या पुरात खालचं सगळं गेलं पण माळ्यावरची एक लाकडी पेटी वाचली, ती आत्ता उघडली तर आत तीसेक जुन्या औषधाच्या बाटल्या निघाल्या. काही निळ्या आणि हाताला खरबरीत लागतात, काहींवर लेबलं आहेत, काहींच्या तळाशी वाळलेलं काहीतरी आहे. मुलगी म्हणते सोड्याच्या पाण्यात धुवून शोकेसमध्ये लावू, मिस्टर म्हणतात म्युझियमला देऊन टाकू. काय करावं?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, सगळ्यात आधी, धुवू नका. मी सुरुवातीला असं जुनं सामान हातात घेतलं तेव्हा दोन बाटल्या पाण्यात भिजत घातल्या होत्या, लेबल सुटून आलं, शाई पसरली आणि त्यात काय औषध होतं ते आज कुणालाच सांगता येत नाही, मला अजून त्याचं वाईट वाटतं. नुसती काच बाजारातही मिळते, लेबल आणि आतला साका मात्र त्याच दवाखान्याचा असतो.

त्या खरबरीत निळ्या बाटल्या बहुतेक विषाच्या. ब्रिटनमध्ये 1868च्या फार्मसी कायद्याने विषावर तसं लेबल लावणं सक्तीचं केलं, आणि रात्री दिव्याच्या उजेडात चुकून भलतीच बाटली हातात येऊ नये म्हणून काचेवर उभ्या रेघा, सहा बाजू असं काय काय करत, म्हणजे अंधारातही बोटांना कळावं. अंगावर ‘नॉट टू बी टेकन’, म्हणजे प्यायचं नाही, अशी उठावाची अक्षरं आहेत का बघा. हा निळा रंग ओळखीसाठी, उजेड अडवायला तपकिरी काच चांगली, म्हणून उजेडाने बिघडणारी औषधं तपकिरी बाटलीत.

पण मला विचाराल तर पेटीत सगळ्यात मोलाची साधी पांढरी चपटी बाटली असेल, जिच्या अंगावर कातरलेली कागदाची पट्टी आहे. घरातल्या मोठ्यांना विचारा, पेशंट घरून बाटली घेऊन यायचा, कंपाउंडर तिच्यात मिक्श्चर भरायचा, कागदाची घडी घालून कात्रीने कडा कातरायचा आणि ती पट्टी खळीने बाटलीला चिकटवायचा, एक खूण म्हणजे एक डोस, वाचता न येणाऱ्या म्हातारीलाही कळायचं की आता इथपर्यंत प्यायचं. मोठ्या म्युझियममध्ये विलायती कंपन्यांच्या देखण्या बाटल्या भरपूर असतात, ही पट्टीवाली मात्र कुणी जपली नाही, औषध संपलं की धुवून त्यात तेल भरलं. तुमच्याकडे एकजरी पट्टी शाबूत असेल तर तिला हात लावू नका.

बाटली किती जुनी ते ढोबळ कळतं. साच्याची शिवण गळ्यापाशी विरली असेल तर तोंड हाताने केलेलं, ओठावरून पार वर गेली असेल तर मशीनची. पूर्ण ऑटोमॅटिक मशीन अमेरिकेत मायकेल ओवेन्सने 1903च्या सुमारास आणलं, पण आपल्याकडे हाताचं काम त्यानंतरही बरीच वर्षं चाललं, त्यामुळे एवढ्यावरून साल काढू नका.

आता जपायचं ते. बूच फिरवून उघडायचं नाही, वास तर अजिबात घ्यायचा नाही. जुन्या दवाखान्यात सोमल, म्हणजे आर्सेनिक हे विष, आणि पारा सर्रास असायचा, ‘लायकर आर्सेनिकॅलिस’ म्हणजे सोमलाचं पाणी, ते औषध म्हणून प्यायला देत. इथरच्या जुन्या बाटलीत, किंवा भाजल्यावर लावायचं पिवळं पिक्रिक ॲसिड वाळलं असेल तर त्यात, बुचाशी स्फटिक धरतात आणि नुसतं बूच फिरवलं तरी स्फोट होऊ शकतो. असं काही दिसलं तर बाटली जागेवरून हलवू नका, पेटी तशीच ठेवा, लेकराबाळांना लांब ठेवा आणि फायर ब्रिगेडला किंवा पोलिसांना कळवा. ‘टिंक्चर ओपिआय’ म्हणजे अफूचा अर्क, तो ठेवणं 1985च्या अमली पदार्थांच्या कायद्यात येतं, तेव्हा त्याबद्दल अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा ऑफिसला आधी विचारा.

म्युझियमला द्यायचं मिस्टर म्हणतात ते मला पटतं, पण द्यायची तर अख्खी पेटी द्या, चार चांगल्या निवडून नव्हे, आणि जिथे नोंद करून घेणार असतील तिथेच. बाटलीवरचा एक नंबरसुद्धा किती कामाचा असतो बघा, 1902मध्ये पंजाबात मुल्कोवालला हाफकिनची प्लेगची लस टोचलेल्या 107 जणांपैकी 19 जण धनुर्वाताने गेले, ते सगळे ‘53 एन’ नंबरच्या एकाच बाटलीतली लस घेतलेले निघाले. आळ हाफकिनवर आला, त्यातून सुटायला त्याला 1907 उजाडलं, तपासात त्या बाटलीचं बूच काढायचा चिमटा आधी जमिनीवर पडल्याचं पुढे आलं होतं. नंबरामुळे निदान संशय एका बाटलीपाशी तरी आला.

म्हणून पेटीतून काही बाहेर काढायच्या आधी आहे तसा वरून फोटो घ्या. मग धोक्याचं काही दिसलं नाही तरच हातमोजे घालून एकेक उभी ठेवा, प्रत्येकीला दोऱ्याने चिठ्ठी बांधा, काचेवर चिकटपट्टी नको. ऊन नको, पुरानंतर भिंती ओल्या असतील तर ती खोलीही नको. आणि सासरे असतील तर त्यांच्याकडून कंपाउंडर कोण होता, कुठल्या गावचे पेशंट यायचे ते विचारून वहीत लिहा, ती वही पेटीबरोबरच जाऊ दे.