गावच्या कबड्डीचे "लाईव्ह हक्क" मंडळानं एका चॅनलला दिले तर बाकीच्यांना शूटिंगची बंदी करता येते का?

भाऊ, प्रश्न नीट वाचला तुमचा. तालुक्याचं न्यूज पोर्टल चालवता, मागच्या काही वर्षांपासून गावच्या रात्रीच्या कबड्डीचं लाईव्ह तुम्हीच फुकटात करून देत होते, यंदा मंडळानं जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका चॅनलला पैसे घेऊन "हक्क" दिले, तुमचा ट्रायपॉड उचलायला लावला, प्रेस कार्ड दाखवलं तरी कोणी ऐकलं नाही, अन् वरून तुम्ही घरी येऊन टाकलेल्या क्लिपवर त्या चॅनलनं यूट्यूबवर कॉपीराईट स्ट्राईक मारला, म्हणजे व्हिडिओ आमचा चोरला अशी तक्रार करून तो उतरवायला लावला. हे बरोबर आहे का, असं विचारून राह्यले तुम्ही.

ट्रायपॉड उचलायला लावला ते बहुतेक त्यांच्या अधिकारात बसते. स्ट्राईक मारला ते बसत नाही. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत अन् आपल्याकडची अर्धी भांडणं या दोन्हीचा काला झाल्यानंच होतात.

मी वकील नाही. पेपरचा वार्ताहर आहे अन् गावच्या मंडळात वर्गणीच्या पावत्याही फाडतो, त्यामुळं दोन्हीकडच्या शिव्या खाल्लेल्या आहेत, अन् अशाच एका भांडणापायी हे सगळं वाचून काढावं लागलं.

पहिले हे समजून घ्या की सामना कोणाच्याच मालकीचा नसते. कॉपीराईट कायदा 1957 चा, त्याच्या कलम 13 मध्ये कशावर कॉपीराईट असते ते लिहून ठेवलं आहे, लिखाण, नाटक, संगीत, कला, फिल्म अन् ध्वनिमुद्रण. कबड्डीची रेड त्यात कुठंच बसत नाही. पोट्ट्यानं बोनस घेतला, कोपऱ्यावरच्यानं घोटा धरला, पंचानं शिट्टी मारली, हे घडलं, कोणी रचलं नाही. त्याचं जे चित्रीकरण होते त्यावर मात्र कॉपीराईट असते अन् ते ज्यानं काढलं त्याचं, कायद्याच्या भाषेत निर्मात्याचं. म्हणजे तुमच्या मोबाईलनं तुम्ही काढलेली क्लिप तुमची अन् त्या चॅनलच्या कॅमेऱ्यांची फीड त्यांची. आता तुम्ही त्यांचंच लाईव्ह स्क्रीन रेकॉर्ड करून आपल्या चॅनलवर टाकलं असन तर स्ट्राईक बरोबर पडला, मग माझ्याशी भांडू नका. पण तुम्ही म्हणता स्वतः काढलेली आहे, तर त्यांचा त्यावर काडीचा हक्क नाही, मंडळाला त्यांनी कितीही पैसे दिले असोत.

मग मंडळानं विकलं तरी काय? तर फाटक विकलं. मैदान ज्याच्या ताब्यात आहे तो आत येणाऱ्याला अट घालू शकते की बाबा इथं कॅमेरा लावायचा नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेचं मैदान असलं अन् मंडळानं रीतसर परवानगी घेतली असली तर त्या रात्रींपुरती व्यवस्था त्यांच्या हाती असते, तिकीट असो नसो. तेच सामने बाजारचौकात रस्ता अडवून होत असतील तर त्यांची पकड लय ढिली, कारण रस्ता काही त्यांचा नाही. अन् मैदानाला लागून तुमच्या मामाचं घर असन अन् तुम्ही त्यांच्या स्लॅबवरून शूटिंग केलं तर मला तरी त्यांनी काही करावं असं कलम दिसत नाही.

यावर ऑस्ट्रेलियात 1937 सालीच निकाल लागून गेला. सिडनीत व्हिक्टोरिया पार्क नावाचा घोड्यांच्या शर्यतीचा मैदान होता, समोरच्या घरवाल्या टेलरनं आपल्या अंगणात मचाण उभारू दिलं, रेडिओचा माणूस त्यावर चढून कुंपणावरून पाहून पाहून शर्यतीचं वर्णन करायचा, आकड्यांच्या पाट्या वाचायचा. लोक घरीच ऐकायला लागले, मैदानाची गर्दी कमी झाली, मालक कोर्टात गेला अन् तिथल्या सर्वात वरच्या कोर्टात 3 विरुद्ध 2 नं हरला. मुख्य न्यायमूर्तींचं म्हणणं असं की दिसू द्यायचं नसन तर कुंपण उंच करा. हा निकाल आपल्या कोर्टांवर बंधनकारक नाही, पण तर्क कोणालाही पटण्यासारखा आहे. (तळेगाव दशासरच्या शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, आजूबाजूच्या शेतातून, झाडावरून पाहणारे लोक आठवा. कोण कोणाला अडवते?)

आता प्रेस कार्डाचं. हे ऐकायला कडू लागन पण पत्रकार म्हणून आत शिरण्याचा असा काही हक्क खाजगी कार्यक्रमात नसते. शासनाची अधिस्वीकृती पत्रिका असली, जी माहिती व जनसंपर्क महासंचालनालय देते, तरी ती सरकारी कामासाठी, सरकारी कार्यक्रमासाठी अन् सवलतींसाठी. मंडळाच्या फाटकावर ती दाखवून काही होत नाही. अन् पोर्टलवाल्यांनी स्वतः छापलेलं, लाल अक्षरात PRESS ऐवजी आता मराठीत "पत्रकार" लिहिलेलं अन् गळ्यात रिबिनीनं लटकवलेलं कार्ड, त्याबद्दल तर बोलतच नाही, आपलेच भाऊ आहेत. नियतकालिकांच्या नोंदणीचा नवा कायदा 2023 चा आहे, 1 मार्च 2024 पासून लागू झाला, त्यात छापील पेपर-मासिकं येतात, यूट्यूब चॅनलची नोंदणी त्यात होत नाही. त्यामुळं "रजिस्टर्ड चॅनल" म्हणून जो कोणी मंडळावर रुबाब झाडते त्याला विचारा कुठं रजिस्टर्ड. त्या जिल्ह्यावाल्यालाही विचारा.

पण बातमी देणं अन् अख्खा सामना दाखवणं यात फरक आहे, अन् तुमची खरी बाजू इथं मजबूत होते. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात असंच झालं. शाळेतल्या पोरांचे सामने, पगार नाही काही नाही, तिथल्या शालेय क्रीडा संघटनेनं लाईव्हचे हक्क एका कंपनीला दिले, गॅनेट कंपनीच्या पेपरनं परवानगी न घेता फुटबॉलचे काही सामने नेटवर लाईव्ह करून टाकले, म्हणे आम्ही प्रेस आहो, आम्हाला स्वातंत्र्य आहे. 2011 मध्ये फेडरल अपील कोर्टानं सांगितलं, बातमी लिहा, फोटो काढा, मुलाखती घ्या, पण पूर्ण सामना दाखवणं म्हणजे बातमी नव्हे, ते हक्क संघटना एकाला देऊ शकते. त्या कोर्टानं आधार कशाचा घेतला तर जत्रेतल्या माणसाचा. झाकिनी नावाचा कलाकार तोफेतून स्वतःला उडवून घ्यायचा, ओहायोतल्या एका जत्रेत टीव्हीवाल्यानं त्याचा पूर्ण खेळ, जेमतेम 15 सेकंदांचा, त्यानं नको म्हटलं तरी शूट करून बातम्यांत दाखवला. 1977 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं म्हटलं की खेळच 15 सेकंदांचा अन् तुम्ही पूर्ण दाखवला, मग तिकीट काढून कोण पाहीन? मला हा निकाल बरोबर वाटते, पत्रकार असूनही वाटते. पूर्ण लाईव्ह करायचं अन् त्याला बातमी म्हणायचं हे काही खरं नाही.

आपल्याकडं स्कोअरवरून दिल्ली हायकोर्टात भांडण झालं होतं, मोबाईलवर क्रिकेटचा स्कोअर एसएमएसनं पाठवणाऱ्या कंपन्या एकीकडं अन् बीसीसीआयचे हक्क घेतलेलं स्टार दुसरीकडं. आधी आदेश झाला की 15 मिनिटं थांबून पाठवा, मग ऑगस्ट 2013 मध्ये दोन न्यायाधीशांच्या पीठानं तो उलटवला, कारण सामन्यात काय झालं ही माहिती कोणाची मालमत्ता नाही. पुढं ते सुप्रीम कोर्टातही नेलं गेलं, पण मुद्दा लक्षात घ्या. "38-31 नं अमुक संघ जिंकला, शेवटच्या मिनिटाला सुपर टॅकल" हे तुम्ही मैदानातून बसल्या बसल्या फेसबुकवर टाकत असाल तर त्याला कॉपीराईट म्हणून अडवणं कठीण. शिवाय कॉपीराईट कायद्याच्या कलम 52 मध्ये चालू घडामोडींच्या वार्तांकनासाठी दुसऱ्याच्या कृतीचा वाजवी वापर चालते असंही आहे.

तुम्हाला कोणी तरी 1995 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल पाठवीन, "वायुलहरी (ज्यावरून रेडिओ-टीव्हीचं प्रक्षेपण जाते त्या) जनतेच्या आहेत" वाला. तो नाचवू नका. ते भांडण 1993 च्या हिरो कपचं, ज्याच्या फायनलमध्ये कुंबळेनं 12 धावांत 6 घेतल्या होत्या. बंगालच्या क्रिकेट संघटनेनं प्रक्षेपण परदेशी कंपनीला दिलं अन् दूरदर्शन अडून बसलं. न्या. सावंत यांच्या पीठानं वायुलहरी सार्वजनिक आहेत म्हटलं ते खरं, पण त्याच निकालात आयोजकाला आपला सामना दाखवायचा अन् कोणाकडून दाखवायचा हा हक्क आहे असंही निघते. म्हणजे तुमच्या मंडळाच्याच कामाचा निकाल.

मंडळाची बाजूही सांगतो कारण तिथं बसून पाहिलं आहे. आधी कापूस घरात आला की वर्गणी निघायची, जिनिंगवाला एक बक्षीस द्यायचा, कृषी केंद्रवाला दुसरं, एखाद्या पुढाऱ्याच्या वडिलांच्या स्मृतीत पहिलं. आता कापसाचा भाव पाहता कृषी केंद्रवालाच उधारीत बसला आहे. बाहेरच्या संघांना जेवण, पंचांचं मानधन, मॅटचं भाडं, हॅलोजनचं जनरेटर, हे सगळं उभं करायचं अन् तेव्हाच चॅनलवाला येऊन म्हणते की रोख देतो, वर तुमच्या मंडळाचा लोगो स्कोअरबोर्डवर दाखवतो, फक्त दुसरा कोणी लाईव्ह करायला नको. अध्यक्ष हो म्हणून मोकळा होते. त्याला दोष देत नाही मी. दोष यात आहे की तो व्यवहार चहाच्या टपरीवर तोंडी होते, पोस्टरवर, पासवर काही लिहिलं नसते, अन् ज्यानं इतके वर्ष फुकट लाईव्ह केलं त्याला हे सामन्याच्या रात्री, लोकांदेखत कळते. तुमचं नाक कापलं गेलं ते मंडळाच्या या ढिलाईनं.

अन् कागद नसला की चॅनलवाल्याचंही काही खरं नसते. कॉपीराईटचं हस्तांतरण लेखी, सहीचं लागते, कलम 19. त्यात मुदत लिहिली नसन तर पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसन तर भारतभर. म्हणजे उद्या मंडळानं सही केली अन् मुदत टाकायची विसरले तर जे काही लिहून दिलं ते पाच वर्षं अडकलं. अन् मंडळ अन् चॅनलचा करार त्या दोघांत, तुमची सही त्यात नाही. तुमच्यावर बंधन येते ते फक्त मैदानात शिरताना जी अट तुम्हाला सांगितली तिचं. त्यामुळं पोलिसात जाण्यापेक्षा अध्यक्षाला साधा अर्ज द्या, पोच घ्या, त्यात मागा की पूर्ण सामन्याचं लाईव्ह आम्ही करणार नाही, पण दर सामन्याची दोन मिनिटांपर्यंतची क्लिप, फोटो, बक्षीस वितरण अन् खेळाडूंच्या मुलाखती याला मोकळीक पाहिजे, अन् हे पुढच्या वर्षीच्या करारात लिहा. विस्कॉन्सिनच्या त्या नियमातही बातमीसाठी दोन मिनिटांची सूट होतीच. खेळणाऱ्या पोट्ट्यांनाही तेच पाहिजे असते, कारण कुठं निवडीला जायचं तर आपल्या रेडची क्लिप मोबाईलमध्ये असावी लागते अन् ती चॅनलवाल्याच्या पाच तासांच्या लाईव्हमधून कोण काढून देते?

आता स्ट्राईक. 90 दिवसांत असे तीन झाले तर चॅनल जाते, म्हणून अंगावर घेऊन बसू नका. पहिले त्या चॅनलवाल्याला फोन करा, क्लिप माझ्या मोबाईलची आहे, मूळ फाईल तारीख-वेळेसह आहे, स्ट्राईक मागं घे. बहुतेक वेळा एवढ्यानं होते. नाही झालं तर काउंटर नोटिफिकेशन, म्हणजे तक्रार चुकीची आहे असं यूट्यूबला लेखी उत्तर, टाका, मग समोरच्याला 10 कामाच्या दिवसांत कोर्टात गेल्याचं दाखवावं लागते, नाही तर व्हिडिओ परत येते. तुमचं नाव-पत्ता त्याच्याकडं जाते हे माहीत असू द्या. अन् कॉपीराईट कायद्याचं कलम 60 आहे, कॉपीराईटच्या नावानं खोटी धमकी देणाऱ्याविरुद्ध तुम्हीच कोर्टात जाऊ शकता. जाल की नाही ते सोडा, पण मेसेजमध्ये एक ओळ टाकली की समोरचा जरा सावध होते.

हे सगळं करायच्या आधी यूट्यूबचा तो मेल पुन्हा उघडून दावा नेमका कोणाच्या नावानं आहे ते वाचा. दोन रेडच्या मधात डीजेवाला जी गाणी वाजवते त्याच्यावरही क्लेम येतात, ते म्युझिक कंपनीचे असतात, त्यात चॅनलवाल्याचा काही संबंध नसते अन् तिथं तुमची बाजूही लंगडी आहे, आवाज काढून टाकला की विषय मिटते. आमच्या इकडं एका पोट्ट्यानं असा क्लेम आला म्हणून चॅनलवाल्याशी चौकात हमरीतुमरी केली होती, अन् मेलमध्ये नाव होतं गाण्याच्या कंपनीचं.