वाचकांचे प्रश्न : मैदानाचं आरक्षण, ओपन स्पेस आणि ग्रामसभेचा कोरम

प्रश्न : आमच्या कॉलनीला लागून असलेल्या मोकळ्या जमिनीवर विकास आराखड्यात मैदानाचं आरक्षण आहे. महापालिकेने ती अजून ताब्यात घेतलेली नाही. दहा वर्षांनी आरक्षण आपोआप उठतं, असं ऐकलं. रहिवाशांनी काय करावं?
– एक वाचक, पाथर्डी फाटा

उत्तर : आपोआप उठत नाही, पण निवांत बसण्यासारखीही वेळ नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ नुसार अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक महापालिकेला ‘जमीन खरेदी करा’ अशी नोटीस देऊ शकतो. नोटीस पोहोचल्यापासून २४ महिन्यांत संपादनाला हात घातला नाही, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे संपतं. नाशिकचा सुधारित आराखडा २०१७ मध्ये मंजूर झाला, म्हणजे त्यातल्या आरक्षणांची दहा वर्षं २०२७ मध्ये भरतात. तुमचं आरक्षण त्याआधीच्या आराखड्यातून चालत आलेलं असेल, तर नोटीस याआधीही गेलेली असू शकते. अंदाज बांधू नका, विचारा.

आधी सर्व्हे नंबर काढा आणि त्याचा भाग नकाशा (आराखड्यातला तेवढ्या जमिनीचा तुकडा) व झोन दाखला (जमीन कशासाठी ठेवली आहे ते सांगणारा) घ्या. त्यावर आरक्षण क्रमांक कळतो. मग नगररचना विभागाकडे माहिती अधिकाराचा अर्ज करा (शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस). प्रश्न तीनच ठेवा : कलम १२७ ची नोटीस आली आहे का, कोणत्या तारखेला, आणि संपादनाची फाइल आज कोणाच्या टेबलावर आहे. तिसरा प्रश्न बहुतेक जण विसरतात आणि तोच कामाचा असतो. कारण नुसता ठराव झाला किंवा प्रस्ताव पाठवला, एवढ्याने आरक्षण वाचत नाही. संपादनाची प्रत्यक्ष कारवाई सुरू व्हावी लागते, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्स खटल्यात सांगितलं आहे.

महापालिकेचं नेहमीचं उत्तर ‘पैसे नाहीत’. म्हणून मालक रोख मोबदल्याऐवजी टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) घ्यायला तयार आहे का, हे विभागाने विचारावं अशी लेखी मागणी करा. अंदाजपत्रकात तरतूद हवी असेल, तर अर्ज दिवाळीच्या सुमारास विभागीय कार्यालयात पोहोचला पाहिजे. फेब्रुवारीत आकडे ठरलेले असतात.

पाचशे सह्यांचं छापील पत्र फाइलमध्ये एकच पत्र म्हणून लागतं. त्यापेक्षा मोजणी जोडा. दोन रविवार सकाळी ७ ते ९ आणि संध्याकाळी ५ ते ७ दर अर्ध्या तासाला किती मुलं कुठे खेळतात ते लिहा : रस्त्यावर, पार्किंगमध्ये, गच्चीवर. जवळचं तयार मैदान चालत किती मिनिटांवर आहे, वाटेत महामार्ग ओलांडावा लागतो का, तेही लिहा. असा कागद अधिकाऱ्याला सहज बाजूला सारता येत नाही. मैदान एकदा गेलं की बांधलेल्या कॉलनीत दुसरं कुठून आणणार?

प्रश्न : लेआउटच्या ओपन स्पेसमध्ये (प्लॉट पाडताना सगळ्यांसाठी सोडलेल्या मोकळ्या जागेत) काय असावं हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं होतं. बैठकीला तेच सात-आठ ज्येष्ठ आले आणि वॉकिंग ट्रॅक ठरला. आता बाकीचे नाराज आहेत.
– एक वाचक, सातपूर

उत्तर : बैठक पहिली पायरी नाही, शेवटची आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या शिफ्टवाल्यांना, डबे-शिकवण्या सांभाळणाऱ्या बायकांना आणि भाडेकरूंना तुम्ही ठरवलेली वेळ जमत नाही. भाडेकरूंना तर कोणी बोलावतच नाही.

आधी दारोदार जा. दोघांची जोडी, त्यात एक बाई असावी. विचारायचं एवढंच : घरातलं कोण, किती वाजता, कशासाठी तिथे जाईल? ‘काय हवं?’ असं विचारलंत की प्रत्येक जण ग्रीन जिम सांगतो, कारण ती शेजारच्या कॉलनीत पाहिलेली असते.

मग जागेचा टेपने मोजलेला मोठा नकाशा काढा. त्यावर सध्याची झाडं, विजेची डीपी, पाणी साचतं तो कोपरा दाखवा. प्रत्येक घराला कपाळाच्या तीन टिकल्या द्या आणि हव्या त्या जागी लावायला सांगा. इथे एक गोष्ट बिघडते : पहिल्या दहा टिकल्या जिथे लागतात तिथेच पुढच्या चिकटतात. म्हणून आधी चिठ्ठीवर जागा लिहून घ्या, टिकल्या नंतर. मुलांना वेगळा रंग द्या, नाहीतर त्यांचं मत मोठ्यांच्या मतात बुडून जातं. नकाशा आठवडाभर किराणा दुकानाबाहेर लावून ठेवा, मग बैठक घ्या. ओपन स्पेसमधल्या बांधकामाला मर्यादा असते, तेव्हा शेड किंवा हॉल ठरवण्याआधी नगररचना विभागाला विचारा.

ठरलेला ट्रॅक रद्द करायची गरज नाही. काम सुरू झालं नसेल, तर तोही नकाशावर एक पर्याय म्हणून ठेवा.

प्रश्न : आमच्या गावात ग्रामसभा कोरमअभावी तहकूब होते आणि पुढच्या सभेत चार लोक गावाचा विकास आराखडा मंजूर करतात. हे चालतं का?
– एक वाचक, दिंडोरी तालुका

उत्तर : चालतं, म्हणूनच पहिल्या सभेला माणसं आणा. कोरम, म्हणजे किमान हजेरी, मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यापैकी जो आकडा कमी असेल तो. तहकूब सभेला कोरम लागत नाही. (गाव पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी अनुसूचित क्षेत्रात असेल तर नियम वेगळे, ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाकडून, तपासून घ्या.)

तुमचा विषय सभेची नोटीस निघण्याआधी लेखी द्या आणि पोच घ्या. ऐन सभेत मांडलेला विषय ‘आयत्या वेळचा’ म्हणून मागे पडतो. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावीच लागते. तिथे पाण्याचे मुद्दे नीट पुढे येतात, म्हणून तिचे ठराव ग्रामसभेत वाचून दाखवायला सांगा. वित्त आयोगाच्या निधीतला बंधित हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठीच असतो. त्यातून रस्ता मागितलात तर मागणी बाद होते. तेव्हा प्रत्येक कामापुढे निधी कुठला ते लिहा. आणि ठराव प्रोसिडिंग बुकात (सभेच्या नोंदवहीत) उतरल्यावर तिथेच मोठ्याने वाचून घ्या, सही त्यानंतर.