कमीपणा कोणी घ्यायचा?

विचारलेला प्रश्न असा: "देव माणूस झाला ही ख्रिस्ती श्रद्धा आणि नम्रतेची, ऐक्याची शिकवण यांचा नेमका संबंध काय? आणि संबंध एवढा जवळचा असेल तर ख्रिस्ती लोकांत इतके पंथ कसे?"

मी धर्मपंडित नाही. मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, कमिटीत बरीच वर्षं काढलेला माणूस आहे, त्यामुळे भांडणांचा अनुभव मात्र दांडगा आहे.

पौल हा येशूनंतरच्या पहिल्या पिढीतला प्रचारक. त्याने फिलिप्पै या गावातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पत्राचा दुसरा अध्याय उघडा. देहधारणाबद्दल, म्हणजे देव माणूस झाला याबद्दल, नव्या करारात (बायबलच्या दुसऱ्या भागात) जे काही थोर लिहिलं गेलंय, त्यात हा उतारा अगदी वरचा. जो देवाच्या स्वरूपाचा होता त्या ख्रिस्ताने देवाच्या बरोबरीचं असणं धरून ठेवलं नाही. स्वतःला रिक्त केलं, दासाचं रूप घेतलं आणि मरण, तेही वधस्तंभावरचं, पत्करलं. पण हा उतारा आला कुठे ते बघा. पौल इथे सिद्धांत शिकवायला बसलेला नाही, तो लोकांना एकत्र आणायला बसलाय. त्याआधीच्या ओळींत एकचित्त व्हा, पोकळ डौल नको, दुसऱ्याला आपल्याहून श्रेष्ठ माना, असं चाललेलं असतं. आणि चौथ्या अध्यायात तर तो सरळ नावंच घेतो: युवदीया आणि सुंतुखे. दोघी सुवार्तेच्या, म्हणजे येशूची शिकवण पसरवण्याच्या, कामात त्याच्याबरोबर झटलेल्या बायका, आणि आता दोघींचं पटत नाहीये. पौल "विनंती करतो" हे दोघींना वेगवेगळं म्हणतो, दोनदा. एकीला विनंती आणि दुसरीला समज, असं कुणाला वाटायला नको! कमिटीत बसलेल्या माणसाला ही काळजी लगेच कळते.

फिलिप्पै ही रोमन वसाहत होती. इ. स. पूर्व ४२ च्या लढाईनंतर तिथे निवृत्त सैनिकांना वसवलं गेलं. कोण नागरिक, कोण दास, कोणाचा मान कितवा, याला अशा गावात फार किंमत. वधस्तंभ ही तर मुख्यतः दासांची आणि बंडखोरांची शिक्षा. पौलाने 'नम्रता' म्हणून वापरलेल्या ग्रीक शब्दालाही 'हलका, खालच्या पायरीचा' असा वास होता. आज आपण नम्रता हा सद्गुण धरूनच चालतो, म्हणून ते वाचताना काही टोचत नाही. तेव्हा टोचत असणार.

आपल्याकडे 'कमीपणा घेणं' असा नेमका शब्दप्रयोग आहे. माझ्या मते पौलाचं म्हणणं त्यात मावतं. एकी अडते ती बहुतेक वेळा मतांवर नाही, तर कमीपणा कोणी घ्यायचा यावर. त्यावर पौलाचं उत्तर असं की ज्याला कमीपणा घ्यायचं काहीच कारण नव्हतं, त्याने तो आधीच घेतलाय. आता तुम्ही दोघी कसल्या मानासाठी अडून बसला आहात?

इथे एक धोका आहे आणि तो मी डोळ्यांनी पाहिलाय. 'नम्र व्हा' हे वाक्य हटकून त्यालाच ऐकवलं जातं जो आधीच खाली दबलेला असतो. पण पौल ख्रिस्ताबद्दल 'स्वतःला रिक्त केलं' म्हणतो. दुसऱ्या कुणी त्याला रिकामं केलं नाही. सोडायला हातात काहीतरी असावं लागतं आणि ते आपणहून सोडावं लागतं. याच फिलिप्पैत पौलाला, तो रोमन नागरिक असताना, चौकशीशिवाय फटके मारून तुरुंगात टाकलं होतं. सकाळी अधिकाऱ्यांनी 'जा आता' असा निरोप धाडला तेव्हा हा म्हणाला, गुपचूप जाणार नाही, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर काढावं. आणि ते आले. तेव्हा नम्रता म्हणजे अन्याय गिळणं, असा अर्थ निदान पौलाच्या नावावर खपवू नये.

योहानाने आपल्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, हेच एका प्रसंगातून दाखवलंय. जेवण चालू असताना येशू उठतो, अंगावरची वस्त्रं काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो, गंगाळात पाणी ओततो आणि शिष्यांचे पाय धुतो. पेत्र नको म्हणतो. आणि येशूला दगा देणारा यहूदा अजून उठून गेलेला नसतो, म्हणजे त्याचेही पाय धुतले गेले. वस्त्रं 'काढून ठेवणं' आणि पुन्हा 'घेणं' यासाठी इथे जी ग्रीक क्रियापदं आहेत, तीच योहानाने दहाव्या अध्यायात जीव 'देणं' आणि 'परत घेणं' यासाठी वापरली आहेत. मला हे कळलं तेव्हा मी तो अध्याय त्याच बैठकीत परत वाचला.

आता पंथांबद्दल. गंमत, खरं तर दुःख, असं की देहधारणाच्या शब्दांवरूनच मोठी फूट पडली. ४५१ साली खाल्सेदोनच्या परिषदेत ख्रिस्त एक व्यक्ती पण दोन स्वभावांत, देवाच्या आणि माणसाच्या, असं ठरलं. कॉप्टिक, आर्मेनियन आणि सिरियाक परंपरेच्या मंडळ्यांनी ते मान्य केलं नाही, आणि ती फूट आजही आहे. तत्त्वाचे प्रश्न खरे होते, ते हसण्यावारी नेऊ नयेत. पण त्यांच्याबरोबर मानाचे प्रश्नही आले. पूर्व आणि पश्चिम मंडळ्यांतली फूट ही दुसरीच; १४३८ मध्ये ती मिटवायला कॉन्स्टँटिनोपलचे पॅट्रिआर्क, म्हणजे तिथले प्रमुख धर्माध्यक्ष, दुसरे जोसेफ ऐक्याच्या परिषदेसाठी इटलीत फेरारा इथे आले, तेव्हा पोपच्या पायाचं चुंबन घेण्याच्या प्रथेवरूनच अडलं. जोसेफ यांनी साफ नकार दिला. ऐक्याची बोलणी सुरू व्हायच्या आधीच पायांवर गाडी थांबली होती.

आणि मग १४ डिसेंबर १९७५. पूर्व आणि पश्चिमेच्या मंडळ्यांनी एकमेकांवरचे बहिष्कार मागे घेतले त्याला दहा वर्षं झाली, म्हणून सिस्टीन चॅपेलमध्ये उपासना होती. पोप सहावे पॉल यांनी कॉन्स्टँटिनोपलच्या प्रतिनिधीसमोर गुडघे टेकले आणि त्याच्या पायांचं चुंबन घेतलं. ते प्रतिनिधी म्हणजे मेट्रोपॉलिटन (वरिष्ठ धर्माध्यक्ष) मेलितोन, आणि त्यांचं पद होतं 'खाल्सेदोनचे मेट्रोपॉलिटन', म्हणजे ४५१ ची ती परिषद भरली त्याच गावाच्या नावाचं. त्याने दोन्ही मंडळ्या एक झाल्या का? नाही, आजही वेगळ्याच आहेत. पण १४३८ चं ओझं उतरवायला कोणीतरी वाकायला हवं होतं, आणि ज्याचे पाय तेव्हा पुढे केले गेले होते त्याच गादीवरचा माणूस वाकला.

माझी गोष्ट याच्यापुढे अगदीच किरकोळ. कमिटीतल्या एका सहकाऱ्याशी हिशेबावरून माझं बिनसलं होतं. आठ महिने आम्ही प्रभुभोजनाला एकाच रांगेत उभे राहायचो, पण एकमेकांकडे बघायचो नाही. शेवटी मी चिठ्ठी लिहायला घेतली. पहिल्या मसुद्यात "माझं चुकलं, पण" असं होतं आणि 'पण'नंतर दीड पान. दुसऱ्यात 'पण'नंतर चार ओळी. तिसऱ्यांदा तो शब्द खोडला तेव्हा चिठ्ठीत दोनच शब्द उरले आणि खाली माझी सही. ते दोन शब्द पाठवायला मला आणखी आठवडा लागला.

त्यांचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. त्यात 'पण' होता. मी तो वाचला आणि चिठ्ठी खिशात ठेवून त्यांना फोन लावला.