घरात माणसे आहेत, मग नैराश्य का?

प्रश्न : माझ्या धाकट्या बहिणीला तीन महिन्यांपूर्वी दुसरी मुलगी झाली. तेव्हापासून ती सारखी रडते, बाळ झोपले तरी तिला झोप लागत नाही. नवरा कामापुरतेच बोलतो. सासू आणि जाऊ हाताशी असताना हिला काय कमी आहे, असे सासरचे विचारतात. वैवाहिक संबंध बिघडल्यामुळे नैराश्य येते का? माहेरच्या आधाराने ते भरून निघेल का?
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : पत्रावरून निदान करता येत नाही; परंतु ही लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकली असतील, तर बाळंतपणाचा थकवा म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष करू नये. तुमच्या शेजारच्या गोव्यात डॉ. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी केलेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले. आर्थिक ओढाताण आणि नवऱ्याशी बिघडलेले संबंध यांचा आजार उद्भवण्याशीच नव्हे, तर तो रेंगाळण्याशीही संबंध दिसला. बाळ मुलगा आहे की मुलगी, यालाही महत्त्व होते. मात्र यांतील बहुतेकींचे मानसिक स्वास्थ्य गरोदरपणातच ढासळलेले होते, म्हणून सारा दोष नवऱ्याच्या माथी मारण्याची घाई नको. नैराश्यात माणूस स्वतःच अबोल आणि चिडचिडा होतो, त्यामुळे जोडीदार दुरावतो, आणि त्या दुराव्याने आजार बळावतो.

सासरच्यांचा प्रश्न मला गैरलागू वाटतो. बाळाला न्हाऊ घालणारे हात वेगळे आणि मन मोकळे करण्याची जागा वेगळी. जॉर्ज ब्राउन व टिरिल हॅरिस यांना लंडनच्या कॅम्बरवेल भागातील स्त्रियांच्या अभ्यासात (१९७८) असे दिसले, की मोठा आघात झाल्यावर ज्यांना पती किंवा जोडीदाराजवळ मन मोकळे करता येत होते, त्या नैराश्यापासून बऱ्याच अंशी बचावल्या. आई, बहीण वा मैत्रीण यांच्या जवळिकीने तितके संरक्षण मिळाले नाही. तिथली कुटुंबरचना निराळी असल्याने तो निष्कर्ष जसाच्या तसा इथे लावू नये. तरीही माहेरच्यांनी नवऱ्याला वगळून सारा भार स्वतःवर घेऊ नये, असे मी सुचवेन.

तिला डॉक्टरांकडे नेताना तिच्या पतीलाही सोबत घ्या. त्याआधी मारहाण होते का, हे तिला एकांतात विचारा; होत असेल तर समेटाची भाषा थांबवून तिची आणि मुलींची सुरक्षितता आधी पाहावी. जीव नकोसा झाल्याचे ती बोलली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा आणि तोवर तिला एकटी ठेवू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर समुपदेशक मराठीतही बोलतात.