जुन्या पिकअपची केबिन आडवाटेसाठी तयार करताना

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून अलीकडे आलेली बरीच पत्रे एकाच विषयाची आहेत: दहा-पंधरा वर्षे राबलेली पिकअप आतून अशी कशी करावी, की ती पाणंदीत, ओढ्यात आणि डोंगरातल्या कच्च्या वाटेवर माणसांना सुखरूप नेईल. त्यांतील चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझ्याकडे २००९ सालची डबल केबिनची फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देणारी) बोलेरो कॅम्पर आहे. आमचे शेत डोंगरात असल्याने पावसाळाभर ओढे ओलांडावे लागतात. आतून नवे जाड कार्पेट, रेसिंगच्या धर्तीच्या बकेट सीट आणि डॅशबोर्डला लाकडी फिनिश करावे, असा मुलांचा आग्रह आहे. साठ हजार रुपये बाजूला काढले आहेत. सुरुवात कशापासून करावी? (एक वाचक, ढेबेवाडी, ता. पाटण)

उत्तर : या रकमेतला पहिला खर्च कोणाच्या नजरेस न पडणाऱ्या जागी करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढच्या दोन्ही सीट काढाव्यात, जुने मॅटिंग आणि त्याखालचा फेल्टचा थर पूर्ण उचलावा आणि फ्लोअरचा पत्रा भर उजेडात पाहावा. या थरात एकदा पाणी मुरले की वरून मॅट कोरडी दिसली, तरी खालची ओल लवकर हटत नाही आणि पत्रा खात राहते. चालकाच्या टाचेखालची जागा, दाराच्या उंबऱ्यालगतचा सांधा आणि केबिन ज्या बोल्टांनी चॅसिसवर (गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर) बसवलेली असते त्यांच्या भोवतालचा भाग, या ठिकाणी जाड स्क्रू ड्रायव्हरचे टोक दाबून पाहावे. रंगाचा पापुद्रा निघाला आणि खाली पत्रा टणक लागला, तर गंज वरवरचा आहे. टोक आत गेले, तर तेवढा भाग कापून त्याच जाडीचा नवा पत्रा वेल्डिंगने बसवावा लागेल. अशा भोकावर फायबरचे ठिगळ लावून, वर लांबी (पुट्टी) भरून आणि रंग मारून देणारे कारागीर भेटतात. काम दिसायला नीट दिसते, परंतु त्याने पत्र्याला बळ येत नाही, आणि याच पत्र्याच्या आधारावर आपली सीट उभी असते. म्हणून तसे काम करू देऊ नये. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडावी, डिझेलची आणि ब्रेकची नळी पत्र्याखालून कोठून गेली आहे ते पाहून घ्यावे आणि आग विझवण्याचे साधन हाताशी ठेवावे.

मात्र गंज घासायला घेण्यापूर्वी पाणी शिरते कोठून, हे शोधणे आवश्यक आहे, अन्यथा पुढच्या पावसाळ्यात तेच दुखणे परत येईल. ओढ्याचे पाणी दारातून आत आले असे आपण गृहीत धरतो; झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत मात्र ते अनेकदा वरून येते. समोरच्या काचेखालच्या जाळीत पाला साचतो, तेथील पाण्याची वाट तुंबते, आणि पावसाचे पाणी ब्लोअरच्या मार्गाने डाव्या बाजूच्या प्रवाशाच्या पायाशी उतरते. एकाने बाहेरून पाइपने काचेवर संथ धार सोडावी आणि दुसऱ्याने आत डॅशबोर्डखाली टॉर्च घेऊन बसावे. पाण्याचा पहिला ओघळ कोठे फुटतो ते काही मिनिटांत कळते. गियरच्या आणि फोर बाय फोरच्या दांड्याखालचे रबरी बूटही तपासावेत; ते फाटलेले असतील, तर चिखल, धूळ आणि गियरबॉक्सची ऊब सरळ केबिनमध्ये येते. हे रबर बदलणे स्वस्त काम आहे आणि त्याचा गुण लगेच दिसतो.

त्यानंतर पत्रा तारेच्या ब्रशने घासून त्यावर रस्ट कन्व्हर्टर लावावे. त्यातील फॉस्फोरिक आम्ल गंजाचे स्थिर थरात रूपांतर करते. तो पूर्ण वाळल्यावर इपॉक्सी प्रायमर, मग सांध्यांवर सीम सीलर (सांधा बुजवणारा लेप) आणि शेवटी रंग, हा क्रम मोडू नये. फ्लोअरमध्ये पाणी सोडण्यासाठी रबरी बुचे असतात, ती नवी घ्यावीत. ओढा ओलांडताना ती घट्ट बसलेली हवीत आणि नंतर केबिन धुताना काढता आली पाहिजेत. आवाज कमी करायचा असेल, तर पत्र्याच्या मोकळ्या, बोटाने वाजवल्यावर घुमणाऱ्या भागावरच ब्यूटाइलच्या (चिकट रबराच्या) पट्ट्या चिकटवाव्यात. डांबरी शीट उन्हात वास सोडते, ती टाळावी. वर बंद छिद्रांचा फोम घालावा, कारण तो पाणी पीत नाही, आणि त्यावर कडा उचललेली जाड रबरी मॅट टाकावी, जी बाहेर काढून पाइपने धुता येईल. पाटणच्या पावसात वावरणाऱ्या गाडीत कार्पेट नकोच.

बकेट सीटबद्दल मुलांची समजूत काढावी लागेल. शेतावर जाणारा माणूस दिवसातून अनेक वेळा चढउतार करतो, आणि उंच कडांच्या सीटवर प्रत्येक वेळी मांडी घासून आत सरकावे लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे बाजारातल्या अशा अनेक सीटचे रेल आपल्या गाडीच्या मूळ छिद्रांशी जुळत नाहीत. मग कारागीर पातळ पत्र्यावर पट्टी वेल्ड करतो आणि धक्क्याच्या वेळी सीट पत्र्यासकट उपटण्याचा धोका तयार होतो. सीटचा मूळ सांगाडा तडा गेलेला नसेल, तर तोच ठेवावा. कुशनवाल्याकडून जास्त घनतेचा फोम भरून घ्यावा, मांडीखालचा भाग थोडा उचलून घ्यावा आणि वरून रेक्झिनऐवजी जाड कॅनव्हास लावावा, कारण ओल्या रेक्झिनवर उतारावर माणूस पुढे सरकतो. सीट परत बसवताना मूळ बोल्टच वापरावेत. नवे घ्यावे लागलेच, तर डोक्यावर ८.८ किंवा त्याहून वरचा आकडा कोरलेला पाहून घ्यावेत. पट्ट्याचा धागा उसवलेला असेल, तर पूर्ण सीटबेल्ट बदलावा.

लाकडी फिनिशसाठी यातून पैसे उरले, तरी ते खर्चू नयेत. दणक्यांनी आणि दमटपणाने चिकटवलेली पट्टी सुटते आणि तिची धार प्रवाशाच्या गुडघ्यासमोर येते.

प्रश्न : आमच्या टाटा झेनॉनमध्ये सगळ्या काचा बंद असूनही धुळीचा थर बसतो. मागची सरकती काच थोडी उघडी ठेवली, तर आणखीच वाढतो. उपाय काय? (एक वाचक, जत)

उत्तर : धावणाऱ्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि उडालेली धूळ तेथेच घोटाळत राहते. मागची काच उघडली की तीच धूळ, धुरासह, आत ओढली जाते; म्हणून कच्च्या रस्त्यावर ती काच बंदच ठेवावी. दारांच्या रबरी पट्ट्या तपासण्यासाठी कागदाचा एक कपटा दारात धरून दार लावावे आणि तो ओढावा. सहज निघून आला, तर त्या जागी रबर दबले आहे. दाराची बिजागरी खाली बसली असेल, तर नवे रबरही काम करणार नाही, म्हणून आधी दार सरळ करून घ्यावे. ब्लोअर बाहेरची हवा घेण्याच्या स्थितीत मंद चालू ठेवला, तर केबिनमध्ये किंचित दाब राहतो आणि फटींतून हवा बाहेर जाते. पुढच्या गाडीच्या धुरळ्यात सापडलात, तर तेवढ्यापुरती आतली हवा फिरवावी आणि मग अंतर वाढवावे. पावसाळ्यात मात्र आतलीच हवा फिरत ठेवल्याने काचेवर वाफ धरते.

प्रश्न : चाकांत हवा भरण्याचा कॉम्प्रेसर, मोबाइल चार्जर आणि रात्रीच्या कामाचा दिवा हे सर्व सिगारेट लायटरच्या सॉकेटवरून चालवतो. फ्यूज सारखा उडतो, म्हणून ओळखीच्या वायरमनने मोठा फ्यूज घातला आहे. हे योग्य आहे का? (एक वाचक, शिराळा)

उत्तर : मोठा फ्यूज आजच काढावा. फ्यूज तारेच्या रक्षणासाठी असतो, आणि मूळ तार तेवढीच राहिली असताना फ्यूज वाढवला, तर पुढच्या खेपेला फ्यूजऐवजी डॅशबोर्डमागची तार जळेल. हिशेब सोपा आहे: वॅटला व्होल्टने भागावे. १५० वॅटचा कॉम्प्रेसर १२ व्होल्टवर साडेबारा अँपिअर घेतो, आणि सुरू होताना क्षणभर त्याहून अधिक. एवढा भार एकट्या सॉकेटवर टाकू नये. बॅटरीपासून ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र तार आणावी, बॅटरीच्या अगदी जवळ २० अँपिअरचा फ्यूज बसवावा, इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून तार नेताना छिद्रात रबरी ग्रोमेट (छिद्राची कड झाकणारे कडे) घालावे आणि दिव्यासाठी रिले (लहान स्विचने मोठा प्रवाह चालू-बंद करणारे साधन) वापरावा. ग्रोमेट विसरले, तर खडबडीत रस्त्यावर पत्र्याची धार तारेचे आवरण कापते, आणि फ्यूज जर केबिनच्या बाजूला असेल, तर ती ठिणगी थांबवायला वाटेत काहीच नसते. इंजिनच्या संगणकाकडे जाणाऱ्या कोणत्याही तारेला जोड देऊ नये.

पत्रात आपण ओझरते लिहिले आहे की कॉम्प्रेसर, शॅकल (अडकलेली गाडी ओढताना लावायची लोखंडी कडी) आणि जॅक मागच्या सीटवर पडलेले असतात. मला विजेपेक्षा याची अधिक काळजी वाटली. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी अचानक थांबली, तर आतली सुटी वस्तू तोच वेग घेऊन पुढे येते, आणि हा वेग जवळपास दहा मीटर उंचीवरून पडलेल्या वस्तूइतका असतो. दोन किलोचे शॅकल मानेवर आदळले, तर काय होईल ते वेगळे सांगायला नको. जड वस्तू हौद्यात, कुलूपबंद पेटीत ठेवाव्यात. आत ठेवायच्याच असतील, तर मागच्या सीटच्या पायाशी, चॅसिसच्या बोल्टांना पोचणाऱ्या कड्यांना रॅचेट पट्ट्याने करकचून बांधाव्यात. एक किलोचे एबीसी पावडरचे अग्निशामक नळकांडे मात्र आतच हवे, आणि तेही चालकाला पट्टा लावलेल्या स्थितीत हात पोचेल अशा जागी, धातूच्या ब्रॅकेटमध्ये.

प्रश्न : डोंगरात गाडी कलंडण्याची भीती वाटते, म्हणून कॅम्परची मागची सीट काढून केबिनमध्ये पाइपचा रोल केज (गाडी उलटल्यास छत दबू न देणारा पिंजरा) बसवण्याचा विचार आहे. फॅब्रिकेटर तयार आहे. (एक वाचक, कराड)

उत्तर : फॅब्रिकेटर तयार असला, तरी आपण थांबावे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि आसनसंख्या हा त्या तपशिलाचाच भाग आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा अर्थ काटेकोरपणे लावला आहे. आपली गाडी मालवाहू म्हणून नोंदलेली असेल, तर आठ वर्षांनंतर दरवर्षी तिला योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि काढलेली सीट तेथे लपणार नाही. अपघातानंतर विमा कंपनीशी वाद उद्भवण्याची शक्यता वेगळीच.

कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी केजबद्दल माझा आक्षेप राहतोच. स्पर्धेतल्या गाडीत चालकाच्या डोक्यावर हेल्मेट असते आणि अनेक पट्ट्यांनी त्याला सीटशी जखडलेले असते. आपल्या गाडीत उघड्या डोक्याची माणसे नेहमीच्या पट्ट्यात बसतात, आणि साध्या आदळण्यातही कानशिलाजवळचा लोखंडी पाइप त्यांना इजा करतो. केजचे पाय नुसत्या फ्लोअरवर वेल्ड केले, तर उलटताना ते पत्रा फोडून खाली जातात.

त्याऐवजी प्रत्येक प्रवाशाला धरायला मजबूत मूठ द्यावी. ती पत्र्यात स्क्रू पिळून लावू नये. खांबाच्या मूळ छिद्रात, मागून जाड पट्टीचा आधार देऊन, आरपार बोल्टने बसवावी आणि अंगाचे वजन टाकून ओढून पाहावी. मागच्या सीटवरच्यांनाही पट्टे असले पाहिजेत आणि ते बांधलेच पाहिजेत, कारण गाडी कलंडते तेव्हा बाहेर फेकला गेलेला माणूस बहुधा तिच्याच खाली सापडतो. उन्हाळ्यात काच खाली असली, तरी हात दाराबाहेर टाकून बसण्याची सवय उतारावर सोडावी. स्टिअरिंग धरताना अंगठे आरीत न अडकवता रिंगवर बाहेरून ठेवावेत. चाक दगडावर आपटून स्टिअरिंग फिरले, तर आत अडकलेला अंगठा मोडतो. छोटे, शोभेचे स्टिअरिंग बसवले असेल, तर मूळ आकाराचे परत बसवावे.